सत्तावन्न नंबरचा सेल

११ मार्च

लग्न झालं तेव्हा मी डायरी लिहिली नाही, सासूबाई गेल्या तेव्हा लिहिली नाही. आता बावन्नाव्या वर्षी लिहायला बसले आहे ती गाडीच्या बॅटरीसाठी. माणसाची घसरण अशीच बिनआवाजाची असते.

झालं असं, की आज आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत पॉलिशवाल्या बाईंनी एक व्हिडिओ दाखवला. उभी गाडी. बंद. आत कोणी नाही. खालून पांढरा धूर येतो, मग शिट्टीसारखा आवाज, आणि मग ती अशी पेटते की कॅमेरा धरणारा पळत सुटतो आणि पुढे नुसते त्याचे बूट दिसतात. 'तुमची पण विजेवरचीच ना हो?' असं बाईंनी विचारलं आणि परत डब्यात लक्ष घातलं.

आमची पण विजेवरचीच. निळी. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली उभी असते. म्हणजे शेगडीवर चहा, आणि शेगडीखाली ही.

फोनमध्ये बॅटरी तपासायचं अॅप आठ महिने होतं. उघडलं नव्हतं. लोकांच्या घरी व्यायामाची सायकल असते तसं. गाडीच्या स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं डोंगल खोचलेलं आहे, ते बॅटरीची खबर काढतं आणि ब्लूटूथने फोनला सांगतं. चुगलखोर जात. संध्याकाळी खिडकीत उभं राहून उघडलं. बॅटरीचं आरोग्य ८९ टक्के. खाली शहाण्णव बारीक खांब, एका सेलला एक. पंचाण्णव खांब कवायतीला उभे असल्यासारखे सारखे. सत्तावन्न नंबरचा किंचित बुटका.

गाडी आठ महिन्यांची. एवढ्यात अकरा टक्के आरोग्य कुठे गेलं?

१२ मार्च

यांना दाखवलं. हे वजनमापं खात्यात निरीक्षक, दुकानोदुकानी जाऊन काटे तपासतात. रोज बासष्ट किलोमीटर जायचं, बासष्ट यायचं, मधे घाट. म्हणजे त्या बुटक्याच्या जिवावर हे रोज डोंगर चढतात. म्हणाले, गाडी तर मस्त पळते. मी म्हटलं, माझे वडीलही आदल्या संध्याकाळपर्यंत मस्त चालत होते. त्यावर हे गप्प. यांच्या गप्प बसण्यावर मी अठ्ठावीस वर्षं संसार केला आहे.

१४ मार्च

नवीन भानगड. गाडीच्या स्वतःच्या पडद्यावर चार्ज ७१ टक्के, अॅपवर ५३. एकाच वेळी. मी गाडीत बसून दोन्ही बघितले.

हे म्हणाले, 'दोन काटे दोन वजनं दाखवत असले तर आधी दोन्हींवर एकच पोतं आहे का ते बघावं.' खात्याची भाषा. मी म्हटलं, पोतं एकच आहे, मी त्याच पोत्यात बसले होते. काट्यांपैकी एक कंपनीने बसवलेला, तो कंपनीचं मीठ खातो, तो गोडच बोलणार. अॅप तिऱ्हाईत आहे. मला आयुष्यात खरं नेहमी तिऱ्हाइतानेच सांगितलं आहे.

१५ मार्च

यांच्याबरोबर बाजारात गेले, मुद्दाम वाटेत अॅप उघडलं. 'गाडी सापडत नाही.' मी गाडीच्या पोटात बसलेली आणि याला गाडी सापडत नाही. घरी येऊन जागेवर लावली, पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं तर लगेच सापडली. चालत्या गाडीत याला उलटी होत असावी.

१७ मार्च

सत्तावन्नचा बाकीच्यांशी फरक ०.०४ व्होल्ट. इंटरनेटवर कोणी म्हणतं चालतं, कोणी म्हणतं गाडीतून ताबडतोब उतरा. मधलं म्हणणारं कोणीच नाही.

आज दोन कवळ्या परत घासाव्या लागल्या. लक्ष सगळं फोनकडे.

१९ मार्च

सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. तिथल्या मेकॅनिकने त्याचं यंत्र लावलं आणि एक कागद काढून दिला. आरोग्य ९७ टक्के, सगळे सेल सारखे. मी अॅप पुढे केलं. तो म्हणाला, ताई, इथे जोडून दाखवा. जोडलं नाही. 'गाडी सापडत नाही.' तो नुसता हसला. डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे बघून हसतात तसं. मी म्हटलं, घरी जोडतं. तो म्हणाला, मग घरीच बघत जा.

कंपनीचाच माणूस तो. कागदाचा बोळा करून पर्समध्ये टाकला. फेकायचा धीर झाला नाही.

२१ मार्च

आज जे बघितलं ते लिहायला लाज वाटते, पण डायरी कोण वाचतंय.

संध्याकाळी सव्वासातला खिडकीत उभी होते. आमची गाडी दुपारपासून जागेवर. मी खाली जाऊन बॉनेटला हात लावून आले होते, गारढोण. अॅप तर दुपारभर जोडतच नव्हतं. तेवढ्यात जाऊबाईंची गाडी आत आली आणि शेजारच्या जागेवर लागली. त्या क्षणी अॅप जोडलं गेलं आणि बॅटरीचं तापमान दाखवलं ४१. त्यातही सत्तावन्नच्या बाजूचं ४७.

लोकांची नजर लागते म्हणतात ती मी कधी मानली नाही. पण थर्मामीटरवर लागलेली पहिल्यांदाच बघितली.

जाऊबाईंबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. धाकटे दीर आणि त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. गाड्या दोघा भावांनी एकाच दिवशी घेतल्या, एकच मॉडेल, एकच रंग, कारण दोन घेतल्या की विकणारा पाघळतो. डोंगलंही जोडीचीच आणली. भावजींनी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही फोनांत अॅप घालून एकेक डोंगल एकेका फोनशी जोडलं, मग दोघे भाऊ खाली जाऊन आपापल्या गाडीच्या स्टिअरिंगखाली डोकी घालून ती खोचून आले. पोरासारखे हसत होते. त्याच दिवशी जेवायला अकरा माणसं होती. जाऊबाईंच्या आईला कवळी मीच करून दिली होती. त्या म्हणाल्या, बोलताना वाजते. मी म्हटलं, वाजतंय ते दातांमुळे नाही, बोलण्यामुळे. दहा माणसं हसली. अकरावी उठून गेली, आणि तिची मुलगी तिच्यामागे.

आठ महिने झाले. भाऊसुद्धा आता जिन्यात एकमेकांना बघून फोन काढतात. माझं वाक्य चांगलं होतं, हे मी अजूनही म्हणते. फक्त म्हणायला कोणी समोर उरलं नाही.

२३ मार्च

फरक ०.०७. यांना गाडी बंद. किल्ली पिठाच्या डब्यात टाकली. हे बसने जातात, दोन तास जायला, दोन यायला. तक्रार नाही. डबा घेताना एवढंच म्हणाले, की पिठाला लोखंडाचा वास येतो.

२५ मार्च

भयंकर.

गाडी दोन दिवस जागची हललेली नाही. किल्ली पिठात. काल सकाळी अॅपवर चार्ज ८१. आज संध्याकाळी ४७. चौतीस टक्के वीज गेली कुठे? उभ्या उभ्या? म्हणजे आतल्या आत गळते आहे, जमिनीत मुरते आहे, किंवा उष्णता होते आहे. उभ्या गाडीचा एखादा सेल आपोआप उतरत असेल तर आत शॉर्ट आहे असं समजा, हे मी तीन ठिकाणी वाचलं. चौथ्या ठिकाणी वाचायचं धाडस केलं नाही.

खाली जाऊन वास घेऊन आले. गाडीच्या चाकाशी वाकून वास घेताना वॉचमनने बघितलं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हल्ली या इमारतीत अशीच पद्धत आहे.

२८ मार्च

जिन्यात भिंगरी भेटली. भिंगरी म्हणजे पुतणी. चोवीस वर्षांची झाली तरी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरते. तिच्या आईची बंदी आहे, तरी ती माझ्याशी बोलते, फक्त तळमजला आणि पहिला मजला यांच्या मधल्या वळणावर. नोकरी लागली आहे, तीनशे किलोमीटरवर. पाच तारखेला आई-बाबा गाडीने पोचवायला जाणार. 'काकू, तू तोंड असं का केलंयस?' मी म्हटलं, तोंड जन्मतःच असं आहे, तू आत्ता नीट बघितलंस.

मग आडून आडून विचारलं, तुमची बॅटरी कशी आहे गं? म्हणाली, बाबा आठवड्यातून एकदा अॅप बघतात, नेहमी सत्त्याण्णव. सगळे खांब एका उंचीचे.

एका दिवशी घेतलेल्या दोन गाड्या. नशीबसुद्धा धाकट्यांच्या दारात लावलं गेलं.

पण खरी गोष्ट आता लिहिते. आमची पेटली तर त्यांची शेजारीच आहे. मधे अडीच फूट. भिंगरी सकाळी त्या अडीच फुटांतून आत शिरते. मी त्यांना सांगायला हवं. सांगायचं म्हणजे समोरची बेल वाजवायची. आज दोनदा दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा बेलवर बोट ठेवलं, दाबलं नाही.

१ एप्रिल

०.१३.

हे आज आठवडाभराच्या दौऱ्यावर गेले. जाताना म्हणाले, 'तू घाबरली आहेस हे मला कळतं. कशाला घाबरली आहेस ते कळत नाही.' जणू मला कळतं.

३ एप्रिल

ठरवलं. बेल वाजवणं जमत नाही, मग गाडीच हलवायची. इमारतीपासून लांब, बंद पडलेल्या गोदामामागे मोकळी जागा आहे. जळायचं तर एकटीने जळ.

तीनशे पावलांचं अंतर. चारही काचा खाली, दार अर्धवट उघडं, सीटबेल्ट नाही, एक पाय बाहेर लोंबता. दरवाजा आपटत होता. मागून सायकलवाला ओरडला, बाई, दार. मी म्हटलं, माहीत आहे. उतरले तेव्हा पाठ घामाने सीटला चिकटली होती. गाडी शांत उभी होती. निळी, स्वच्छ, निष्पाप. अशीच असतात.

४ एप्रिल

सकाळी स्वयंपाकघरातून सहज अॅप उघडलं. जोडलं गेलं. तीनशे पावलांवरून, मधे दोन इमारती असताना. मोकळ्यावर आवाज लांब जातो, तसं काहीतरी असेल. भुताची भीती वाटावी तसं वाटलं: घरापासून लांब नेऊन सोडलं तरी हाक ऐकू येतेच आहे.

५ एप्रिल, सकाळी

सव्वानऊ. चार्ज ८८. फरक ०.१९. सत्तावन्नचा खांब आता बाकीच्यांच्या खांद्याला लागतो.

खाली निघायची गडबड. भिंगरीच्या बॅगा. तिने वर बघून हात केला. जाऊबाई बघत होत्या, म्हणून मी पडदा नीट करत असल्यासारखं केलं. लॅबला उशीर होतोय.

७ एप्रिल

परवाचं आज लिहिते. काल पेन धरलं होतं, ओळ निघाली नाही.

परवा पावणेअकराला दातांच्या डॉक्टरीणबाईंचा लॅबमध्ये फोन आला. खालची कवळी बसत नाही. ज्याचे जबडे आहेत ते आजोबा खुर्चीत बसलेले आहेत आणि दात त्यांचे नाहीत. सव्वीस वर्षांत असं माझ्याकडून झालेलं नाही. प्रत्येक पेशंटच्या साच्याचा एक ट्रे, ट्रेच्या झाकणावर नंबर. मी ट्रे काढले. एकशे बाराच्या झाकणाखाली एकशे एकवीसचा साचा, आणि एकशे एकवीसच्या झाकणाखाली एकशे बाराचा. कोणीतरी दोन झाकणं एकत्र धुतली आणि उलटी लावली. साचे बरोबर, झाकणं बरोबर, काम चोख. नुसतं कशावर काय आहे ते चुकलेलं. मी आठवडाभर एका माणसाच्या हिरड्या बघून दुसऱ्याचे दात घासत होते.

दोन्ही झाकणं हातात धरून मी उभी राहिले.

फोन काढला. अॅपच्या तळाशी बारीक अक्षरात असतं ते मी कधी वाचलं नव्हतं. शेवटची जोडणी: आज, ९ वाजून ५२. मी घर सोडलं नऊ पन्नासला, फोन पर्समध्ये, फाटकातून चालत. आमची गाडी गोदामामागे दोन दिवसांपासून हललेली नाही. नऊ बावन्नला माझ्या शेजारून फाटकाबाहेर जी गाडी गेली तिच्यात भिंगरी बसली होती.

रस्त्यावर न सापडणारी गाडी. उभ्या उभ्या उतरणारा चार्ज. सव्वासातला तापलेली बॅटरी. भावजींच्या अॅपमधले सत्त्याण्णव. मेकॅनिकच्या बोळ्यातले सत्त्याण्णव. दोघे भाऊ स्टिअरिंगखाली डोकी घालून हसत होते आणि डोंगलं उलटी खोचत होते. महिनाभर मी समोरच्यांच्या गाडीचा मृत्यू मिनिटामिनिटाला बघत होते आणि वाचवत होते आमच्या गाडीला.

भावजींना फोन लावला. कट. परत लावला. कट. जाऊबाईंकडे माझा नंबर ब्लॉक. भिंगरीचा वाजत राहिला. गाडीत बसली की ती झोपते, लहानपणापासून. मेसेज टाकले, उघडले गेले नाहीत. यांना दौऱ्यावर फोन केला, दोन वाक्यांत सांगितलं. माझ्या माणसाची किंमत मला परवा कळली: एकही प्रश्न विचारला नाही. भावाला लावतो म्हणाले. त्यांचाही कट झाला. मग त्यांनी चार्जिंग कंपनीच्या मदत केंद्राला लावला. तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितलं, की तक्रार ज्याची गाडी त्यानेच करायची असते. हे म्हणाले, ज्याची गाडी त्याला माहीत नाही हीच तक्रार आहे. तिने पुन्हा पहिलं वाक्य म्हटलं.

त्यांच्या वाटेवर घाटापलीकडे एकच चार्जिंग स्टेशन आहे, एकशे दहा किलोमीटरवर. पुढे दीडशे किलोमीटर काही नाही, तिथे भरून घ्यावंच लागतं. तिथले चार्जरही जलद, अर्ध्या तासात बॅटरीत वीज ओतणारे. घाट चढून तापलेल्या त्या सत्तावन्नमध्ये.

लॅबमधून गोदामापर्यंत पळाले. वाटेत घरी जाऊन पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. गाडीच्या पडद्यावर चार्ज ७४. कंपनीचं मीठ खाणारा काटा. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरा काटा आता घाटात होता.

चालवताना जे मनात आलं ते लिहायलाच हवं. एखादवेळी मी चुकतही असेन. मी चुकत असले तर त्यांची गाडी धडधाकट आहे आणि पेटणारीवर मी बसले आहे. बरोबर असले तर तिच्यात भिंगरी झोपली आहे. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत माझंच चुकलेलं असावं असं मनापासून मागत होते. बरोबर असण्याची एवढी धास्ती मला कधी वाटली नव्हती. एरवी तर तो माझा छंद.

एक वाजायला दहा कमी होते. पत्र्याच्या छपराखाली तीन चार्जर, मधल्यावर निळी गाडी, जाडजूड केबल लावलेली. थोडं लांब बाकावर भावजी आणि जाऊबाई काहीतरी खात होते. मागच्या सीटवर, काचा वर, एसी चालू, भिंगरी आडवी.

मी आधी कोणाशी बोलले नाही. मागचं दार उघडलं आणि तिचा दंड धरून ओढली. ती जमिनीवर पडता पडता उभी राहिली, पायात चप्पल नाही, तोंडात झोप. मग चार्जरवरचं लाल बटण तळहाताने दाबलं. यंत्र घरघरून थांबलं. मग आत हात घालून गाडीही बंद केली.

जाऊबाई धावत आल्या. आठ महिन्यांनी त्या माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं:

'आता आमची गाडीसुद्धा बघवत नाही का तुम्हाला?'

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. जीभ कुत्र्यासारखी असते, साखळी सोडली नाही तरी भुंकते. मी ते गिळलं. म्हटलं, 'भावजी, अॅप उघडा.'

त्यांनी नाइलाजाने उघडलं. जोडलं गेलं. सत्त्याण्णव टक्के, सगळे खांब सारखे. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, मेकॅनिकसारखंच हसू. मी म्हटलं, 'आता मी आमच्या गाडीचा एसी लावते. तुमची गाडी बंद आहे. तुमच्या फोनवर किती वीज जाते आहे ती बघत राहा.'

मी आमच्या गाडीत बसून एसी पूर्ण सोडला. बंद केला. परत सोडला. तिसऱ्यांदा सोडला तेव्हा काचेतून मला त्यांचा चेहरा दिसला. फोनवरचा आकडा माझ्या बोटाबरोबर वरखाली होत होता.

मग मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. सत्तावन्नचा खांब गुडघ्यावर. तापमान ५८. आम्ही बघत असताना ६१. चार्जर बंद आहे, गाडी बंद आहे, आणि ६३.

भावजी हळू आवाजात म्हणाले, 'चार दिवस गाडीत पिवळा दिवा येतोय, वहिनी. पहिल्याच दिवशी मी अॅप बघितलं. सगळं ठीक होतं.'

ते बॅगा काढायला निघाले. एक काढली. दुसरीसाठी वाकले तेव्हा जाऊबाईंनी मागून त्यांचा शर्ट धरला तो सोडलाच नाही, शिलाई उसवली. तिथल्या रखवालदाराला मेन बंद करायला सांगितलं, त्याने बाजूच्या गाड्याही काढायला लावल्या. मी आमची काढली. सगळे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो, शंभरेक पावलांवर.

महिनाभर माझ्याकडे आकडा होता. तिथे उभं राहिल्यावर फोन म्हणाला, 'गाडी सापडत नाही.' ब्लूटूथ तेवढं पोचत नाही. आता किती, ६५ की ८०, ते कळायचं तर जवळ जायला हवं. चौघंही नुसत्या डोळ्यांनी बघत राहिलो. पत्र्याखाली निळी गाडी, मागचं दार उघडं. काही होत नव्हतं. पाच मिनिटं. दहा. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, तिरकं, आणि मला वाटलं, आता काही झालं नाही तर मी जन्माची वेडी, आणि देवा, काही होऊ देऊ नकोस.

अकराव्या मिनिटाला खालून पांढरा धूर आला. बारीक, किटलीच्या तोंडातून येतो तसा. मग ती शिट्टी. व्हिडिओत होती तीच, पण व्हिडिओत पायाखाली जमीन हलत नाही. मागच्या सीटवरून, जिथे भिंगरीचं डोकं होतं तिथून, ज्वाळा वर आली.

जाऊबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला. नखं रुतली. अजून वळ आहे.

८ एप्रिल

अग्निशमनवाल्यांनी तीन तास पाणी मारलं. पत्र्याचं छप्पर वाकलं. कोणाला लागलं नाही. परत येताना चौघं आमच्या गाडीत होतो. शंभर किलोमीटर भिंगरी अनवाणी पाय वर घेऊन जागी बसून होती. दुसऱ्या दिवशी ती बसने गेली, एका बॅगेसह. जिन्याच्या वळणावर नव्हे, आमच्या दारात येऊन भेटली. आई मागे उभी होती.

मला रात्री झोप नाही हे वेगळं सांगायला नको. डोळे मिटले की शिट्टी.

१६ एप्रिल

समेट वगैरे झालेला नाही. जाऊबाई जिन्यात भेटल्या तर मान हलवतात, मी हलवते. कवळीचा विषय निघालेला नाही. मीही काढलेला नाही, आणि हे माझ्या चरित्रातलं सर्वांत मोठं काम आहे.

पण रोज सकाळी सातला फोन येतो. माझ्या फोनवरचं अॅप जळून गेलेल्या डोंगलला शोधत गोल गोल फिरत असतं. आमच्या गाडीची खबर कळते ती फक्त भावजींच्या फोनला, आणि सकाळी तो जाऊबाईंच्या हातात असतो. त्या त्यांच्या खिडकीत उभ्या राहतात, मी माझ्या. मधे एक भिंत. 'ताई, एकतीस डिग्री. सगळे सारखे.' ठेवतात. तेवढंच. पहिल्या दिवशी मी चुकून 'बरं' ऐवजी 'बरं गं' म्हणाले.

काल भावजी येऊन म्हणाले, 'वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे, तुमच्याच फोनला जोडून देतो, म्हणजे हिला त्रास नको.' मी म्हटलं, राहू द्या, इतक्यात नको.

आज सातला फोन आला नाही. सात पाच, नाही. हे डबा घेऊन दारात उभे, हात पुढे, किल्लीसाठी. त्यांना बासष्ट किलोमीटर जायचं. मी किल्ली मुठीत धरून ठेवली. सात दहा. मूठ ओली झाली. यांनी विचारलं, देतेस? मी म्हटलं, थांबा. यांनी डबा खाली ठेवला आणि थांबले.

सात तेराला वाजला.

'ताई, उठायला उशीर झाला. तीस डिग्री आहे. जाऊ देत मोठ्या भावजींना.'